लाकडाच्या चुलीचा तंबू: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंडरी वॉटर्स हे संरक्षित अरण्य आहे. १० लाख एकरांहून मोठ्या या प्रदेशात हजाराहून अधिक तळी आहेत आणि उन्हाळ्यात जी वाट नावेने कापायची, तीच हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून, कमरेला स्लेज बांधून पायी कापायची असते. १९७८ च्या कायद्यानंतर येथून स्नोमोबाईल जवळजवळ हद्दपार झाल्या, त्यामुळे जे सामान लागेल ते स्वतःच ओढावे लागते. आम्ही दोघे मिनियापोलिसला राहतो. नोव्हेंबरात आम्ही आत चूल पेटवता येणारा सुती कॅनव्हासचा तंबू घेतला आणि मार्चअखेरपर्यंत ४ फेऱ्यांत मिळून ११ रात्री त्यात काढल्या.

तंबू चौघांचा म्हणून विकला जातो. चूल, लाकडे आणि ओले कपडे धरले तर तो दोघांचाच आहे. कापड आणि खांब मिळून १४ किलो, घडीची पोलादी चूल आणि तिच्या धुराड्याचे सहा तुकडे मिळून आणखी ६ किलो. ज्यांच्या घरी पाणी तापवायचा बंब होता त्यांना या चुलीची ओळख करून द्यायला नको. खाली जाळ, वर धुराडे, बाजूला राखेचे दार, सगळे तेच. फक्त तांब्याऐवजी पातळ पत्रा आहे. धुराडे छतातून जेथे बाहेर पडते तेथे कापडाला आग लागू नये म्हणून काचतंतूंची, सिलिकॉनचा लेप दिलेली चकती शिवलेली आहे. ती चकती अकरा रात्रींनंतरही जशीच्या तशी आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

जाहिरातीतील छायाचित्रांत लोक असल्या तंबूत सदऱ्यावर बसलेले दिसतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. जानेवारीच्या फेरीत बाहेर उणे ३१ अंश सेल्सियस असताना आत उभ्या माणसाच्या डोक्यापाशी २५ अंश होते आणि त्याच वेळी जमिनीवर ठेवलेल्या बाटलीतले पाणी गोठत होते. छताखाली टांगलेला मोजा करपावा आणि पायातला ओला राहावा, अशी ही ऊब आहे. शिवाय ती टिकत नाही. एवढ्याशा चुलीत एका वेळी मावणारी लाकडे पाऊण तासात संपतात आणि विस्तव विझल्यावर अर्ध्या तासात आतली आणि बाहेरची थंडी एक होते. पहिल्या फेरीत आम्ही रात्रभर आळीपाळीने उठून चूल पेटती ठेवली आणि सकाळी दोघेही एकमेकांशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. दुसऱ्या फेरीपासून झोपण्यापूर्वी चूल विझू देतो आणि उणे ४० अंशांच्या झोपपिशवीवर भिस्त ठेवतो. या तंबूमुळे हलकी झोपपिशवी चालेल असे कोणी सांगत असेल, तर ऐकू नये. जवळच्या टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंशांपर्यंत उतरला होता, एवढे लक्षात असले तरी पुरे.

मग एवढे ओझे कशासाठी ओढायचे? वाळवण्यासाठी. कडाक्याच्या थंडीत खरा शत्रू घाम असतो. तो रात्री झोपपिशवीच्या पिसांत शिरून तेथेच गोठतो, आणि बिनचुलीच्या तंबूत तिसऱ्या रात्रीपर्यंत ती पिशवी जड आणि निरुपयोगी होते. आमच्याकडे रोज संध्याकाळी दोन तास छताखालच्या दोरीवर मोजे, बुटांचे आतले नमदे आणि हातमोजे टांगलेले असत. नमद्याच्या टाचेपाशी जमलेले पांढरे दव आधी काळसर ओले होई, मग त्यातून वाफ निघे आणि झोपण्याच्या वेळेपर्यंत तो हाताला कोरडा लागे. पाच रात्रींची फेब्रुवारीतली फेरी केवळ यामुळे पार पडली.

तिचा दुसरा दिवस मात्र वेगळ्या ओलीने गाजला. बर्फावर हिमाचा भार वाढला की बर्फ दबतो, भेगांतून तळ्याचे पाणी वर येते आणि वरच्या हिमाच्या पांघरुणाखाली न गोठता तसेच राहते. वरून काही दिसत नाही. आमची स्लेज अशा रबडीत शिरली आणि बाहेर काढताच तिच्या तळाला बोटभर बर्फ चिकटून गोठला. तो कुऱ्हाडीच्या पाठीने खरवडण्यात तासभर गेला, आणि त्या तासात २० किलो तंबूला मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

सरपणाचे नियम कडक आहेत: मेलेली, खाली पडलेली लाकडेच घ्यायची. हिमाखालून उपसलेले लाकूड वरून कोरडे वाटले तरी पोटात ओले असते. आजी सरपण एकमेकांवर आपटून आवाजावरून पारखत असे. ती परीक्षा येथेही लागू पडते, बद्द वाजले की ते बाजूला टाकावे. आम्ही सुरुवातीला तेवढा धीर धरला नाही. ओले लाकूड धुमसत राहिले, त्याचे डांबर धुराड्याच्या तोंडावरच्या ठिणग्या अडवणाऱ्या जाळीत साचले, जाळी बुजली आणि मध्यरात्री तंबू धुराने भरला. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र वाजले, हे आमचे नशीब. त्यात साध्याऐवजी लिथियमचे सेल घातले होते, कारण साधे सेल या थंडीत मान टाकतात. तेव्हापासून जाळी रोज सकाळी झटकतो आणि वरचा झरोका कधीही पूर्ण बंद करत नाही.

तंबू उभारायला आता ४० मिनिटे लागतात. सोबतच्या खुंट्या भुसभुशीत हिमात धरत नाहीत. त्याऐवजी दोरीला काटकी बांधून पुरायची आणि वर पायाने हिम तुडवायचे, अर्ध्या तासात ते दगडासारखे होते. चूल दोन जाड ओंडक्यांवर ठेवावी, नाहीतर जेवण होईपर्यंत ती स्वतःच्या उबेने खड्ड्यात उतरते. संक्रांतीच्या सुमारास तिच्यावर कडक झालेल्या गूळपोळ्या गरम केल्या, तेवढ्यापुरते हे ओझे सार्थकी लागले असे सौ. म्हणाली.

तक्रारी दोन. दाराची चेन पहिल्याच महिन्यात दात सोडू लागली, आणि विक्रेत्याने तीन पत्रांनंतर बदली देण्याऐवजी मेण लावण्याचा सल्ला दिला. मेणाने काम भागते, पण मला दामही परत हवे होते. दुसरी, धुराडे हातभर तोकडे आहे. ठिणग्या छतावर पडून सहा भोके पडली. एक-दोन रात्रींसाठी जाणाऱ्यांनी हा तंबू घेऊ नये, चांगली झोपपिशवी घ्यावी. तीन रात्रींच्या पुढे जाणाऱ्यांनी, आणि तेही दोघे ओढणारे असतील तर, जरूर घ्यावा.

सुती कापड ओले गुंडाळले की बुरशी धरते, म्हणून सध्या तो गॅरेजमध्ये टांगलेला आहे. चार भोकांना ठिगळे लावून झाली, दोन उरली आहेत. धुराड्याचा सातवा तुकडा मागवला आहे.