हेडफोन ॲम्प्लिफायर भिंतीच्या विजेवर: स्विचिंग ॲडॉप्टर की लिनिअर सप्लाय?

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प सारखा सेल खायला लागला की नजर प्लगकडे वळते. समोर दोन पर्याय असतात.

स्विचिंग ॲडॉप्टर हलका, स्वस्त आणि सहज मिळणारा. तो हजारो हर्ट्झवर चालू-बंद होतो, आणि तो गोंगाट थोडाफार आउटपुटमध्ये उतरतो. कमी इम्पिडन्सच्या (विजेला कमी अडथळा करणाऱ्या), जास्त सेन्सिटिव्ह (बारीक सिग्नललाही मोठ्याने वाजणाऱ्या) इअरफोनमध्ये तो बारीक सूं-सूं म्हणून ऐकू येऊ शकतो.

लिनिअर सप्लायमध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, चढउतार कमी करणारा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारी ७८०९ किंवा एलएम३१७सारखी रेग्युलेटर चिप. जड, थोडा तापणारा, पण शांत. रेग्युलेटर नसलेला जुना ट्रान्सफॉर्मर ॲडॉप्टर मात्र यात धरू नका: ५० हर्ट्झच्या विजेवर त्याची १०० हर्ट्झची गुणगुण येते, आणि लोड नसताना ९ चे १२-१३ व्होल्टही होतात.

खरी गोम ग्राउंडमध्ये आहे. अशा बऱ्याच ॲम्पमध्ये एकाच बॅटरीचे दोन भाग करून मधला बिंदू ऑडिओचा ग्राउंड (शून्य व्होल्टचा बिंदू) धरतात. ॲडॉप्टरची ऋण बाजू अर्थला (प्लगच्या जमिनीच्या तारेला) जोडलेली असेल आणि ॲम्पला जोडलेला कॉम्प्युटरही अर्थ केलेला असेल, तर ऑडिओ केबलमधून तो मधला बिंदू थेट ऋण टोकाशी शॉर्ट होतो. म्हणून पर्याय कोणताही असो, ॲडॉप्टरचं किंवा सप्लायचं आउटपुट अर्थपासून अलग हवं.

माझं मत लिनिअरच्या बाजूने. प्रवासात बॅटरीच बरी. प्लग लावण्याआधी पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) तपासा आणि साधा सेल काढून ठेवा, तो चार्ज होण्यासाठी नसतो.