पोपोल वूहची पेपरबॅक: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

अखेर पुस्तकाचे दोन तुकडे झाले. मागचा टिपांचा भाग हातात राहिला आणि उरलेलं मांडीवर पडलं. इंग्रजी अनुवादाची ही पेपरबॅक पावसाळ्याच्या तोंडावर मागवली होती, चांगले नऊशे रुपये मोजून. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, परत करायची मुदत सात दिवसांचीच होती. म्हणजे सात दिवसांत पुस्तक वाचायचं आणि मोडायचंही! पुन्हा लिहिलं, तर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज. या असल्या नुसत्या खळीवर चिकटवलेल्या बांधणीला छपाईवाले ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात, हे वर.

ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचा हा ग्रंथ काय आहे ते वेगळं सांगत नाही. मक्यापासून घडवलेली माणसं, पाताळात चेंडू खेळणारे जुळे भाऊ, यावर भरपूर लिहून आलंय. जुळ्यांचा भाग मस्तच आहे. पण माझं पुस्तक तुटलं ते जगातल्या पहिल्या सूर्योदयाच्या प्रसंगापायी.

कारण टिपा. पानाखाली द्यायच्या सोडून सगळ्या शेवटी कोंबल्यात, आणि मजकुरात साधा आकडासुद्धा नाही की अमुक शब्दाला टीप आहे. कोपल धूप तीन तऱ्हांचा जाळला, त्या तऱ्हा कोणत्या? जा मागे. सगळ्यात आधी ओरडलेला केलेत्सू पक्षी कोणता? जा मागे. दर दोन ओळींना पुस्तक उलटंपालटं केल्यावर कणा टिकणार कसा?

आता त्या सूर्योदयाबद्दल. पहिल्या वाचनात मला तो रटाळ वाटला होता. बालाम कित्से, बालाम अकाब, माहुकुताह आणि इकी बालाम हे चार मूळपुरुष अंधारात वणवण करतात, पहाटेच्या चांदणीकडे डोळे लावून बसतात, उपास काढतात. तोहिल देव त्यांना आग देतो आणि थंडीने गारठलेल्या बाकीच्या टोळ्यांनी आग मागितली की बदल्यात त्यांची काळजं मागतो. मग एकदाचं हाकाविट्स डोंगरावर उजाडतं आणि पानभरात सगळं उरकतं. एवढी वाट बघायला लावून एक पान! नऊशे रुपये पाण्यात, असं तेव्हा वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत तेच पान पुन्हा काढलं आणि मत पार बदललं. तोवर जमीन चिखलाची, ओलीगच्च; ती उन्हाने वाळते. सूर्य वर येतो तो माणसासारखा, आणि त्याची धग सोसवत नाही. तोहिल, अविलिश, हाकाविट्स (डोंगराला नाव याचंच) हे तिन्ही देव जागच्या जागी दगड होतात. त्यांच्याबरोबर पुमा, जग्वार आणि खुळखुळ्या सापही. साकी कोशोल नावाचा एक ठिणग्या पाडणारा तेवढा झाडीत दडतो. त्यावर ग्रंथकर्ते म्हणतात की ती मूळची हिंस्र जनावरं दगड झाली नसती तर आज आपल्याला उसंत मिळाली नसती. आणि लगेच, जाता जाता सांगितल्यासारखं, की तो सूर्य तसा त्या एकदाच दिसला. आता दिसतो तो आरशातला.

या आरशाने माझं डोकं खाल्लं. आधीच्या भागात देव याच चौघांची नजर अधू करतात, कारण त्यांना फार लांबचं, सगळंच दिसत होतं. तिथेही आरशावर फुंकर मारून तो धुरकट करावा तसं, असंच म्हटलंय. म्हणजे बघणाराही धुरकट आणि सूर्यही प्रतिबिंबातला. यावर टीप? शून्य. पक्ष्यावर मात्र आहे.

मूळपुरुष स्वतः दगड होत नाहीत. ते नाचतात, आनंदाने रडतात, आणि मग तुलान नगरीत मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या आठवणीने शोकाचं गाणं म्हणतात. दक्षिण अमेरिकेत टिटिकाका सरोवराच्या भागातल्या आयमारा लोकांच्या कथांमध्ये एवढी सवलत नाही. तिथले चुल्पा म्हणजे सूर्य उगवण्याआधीची, चांदण्यात जगणारी माणसं. सूर्य पश्चिमेला उगवेल असं भाकीत ऐकून त्यांनी घरांची दारं पूर्वेला ठेवली, आणि सूर्य नेमका पूर्वेला उगवून सगळ्यांना भाजून गेला. पेरूतल्या पुनोजवळ सिल्युस्तानीला पूर्वेकडे तोंड केलेले दगडी मनोरे आजही आहेत (खरं तर ती थडगी). बोलिव्हियातले चिपाया लोक तर स्वतःला पाण्यात दडून वाचलेल्या चुल्पांचे वंशज म्हणवतात.

पुन्हा टिपांकडे, कारण राग अजून गेलेला नाही. फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्रीने १७०१ ते १७०३ या काळात ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो गावी या ग्रंथाची नक्कल केली, ती एका रकान्यात किचे आणि शेजारी स्पॅनिश अशी. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात ती आजही आहे. तीनशे वर्षांपूर्वी बोरू घेऊन बसलेल्या माणसाला जे सुचलं, ते संगणकावर पानं लावणाऱ्यांना सुचू नये?

शेवटी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडे गेलो. तो म्हणाला, एकत्र बांधलं तर पुन्हा तुटेल, दोन करा. मजकूर वेगळा, टिपा वेगळ्या, दोन्हीला पुठ्ठा आणि शिवण. दीडशे रुपये घेतले. शिवणीत आतल्या बाजूची थोडी अक्षरं गेली, त्यामुळे पान जरा दाबून धरावं लागतं. पण आता टेबलावर दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचता येतं, आणि साडेदहाशेत मला दोन खंडांची आवृत्ती पडली. पुस्तकाला तीन तारे देतोय, पण त्यातला तिसरा बाइंडरचा आहे, विक्रेत्याने तो आपला समजू नये.