स्क्विडने नाव कोणाला विचारायचं?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्क्विड (सगळ्यांच्या वेब-विनंत्या मधून नेणारा आणि आलेली पानं कॅशमध्ये साठवणारा प्रॉक्सी) बसवायचा ठरला की सगळी चर्चा डिस्क आणि रॅमवर होते. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, कुठला ठेवायचा, हे शेवटी आठवतं. पर्याय तीन.

काहीच न करणं हा पहिला. स्क्विड मशीनच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमधले डीएनएसचे पत्ते उचलतो. तिथे बहुधा राउटर असतो आणि तो पुढे प्रोव्हायडरला विचारतो. पंधरा-वीस मुलांपर्यंत निभावतं. गर्दी वाढली की घरगुती राउटर मान टाकतो.

दुसरा, कॉन्फिगमधल्या 'डीएनएस नेमसर्व्हर्स'च्या ओळीत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा बाहेरचा सार्वजनिक डीएनएस टाकून मोकळं होणं. मग ती रिझॉल्व्ह फाइल स्क्विड विचारातच घेत नाही. काम दोन मिनिटांचं. फक्त आतल्या फाइल सर्व्हरचं नाव बाहेरच्याला कुठून कळणार? ते हॉस्ट्स फाइलमध्ये लिहा, स्क्विड ती वाचतो.

तिसरा, त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस सर्व्हर, आणि स्क्विडला १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनचा पत्ता. वेगासाठी हा खटाटोप करणार असाल तर थांबा. स्क्विड स्वतःच मिळालेली उत्तरं जास्तीत जास्त ६ तास आणि फसलेली १ मिनिट लक्षात ठेवतो, हे मूळ सेटिंगच आहे.

खरा निर्णय दुसरीकडेच होतो. ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरलेला असेल, तर नाव शोधतो एकटा स्क्विड, आणि दुसरा पर्याय पुरून उरतो. पण मुलांच्या मोबाइलवर काहीच न भरता ट्रॅफिक परस्पर वळवणार असाल, तर आधी मोबाइल नाव शोधतो आणि नंतर स्क्विडही. मोठ्या साइट्स विचारणाऱ्यागणिक वेगळा आयपी देतात. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की ३.२ पासूनचा स्क्विड लॉगमध्ये 'होस्ट हेडर फोर्जरी'चा (विनंतीतलं साइटचं नाव खोटं असल्याच्या संशयाचा) इशारा टाकतो, विनंती मोबाइलने धरलेल्या आयपीकडेच पाठवतो आणि साइटकडून आलेलं उत्तर कॅशमध्ये ठेवत नाही. म्हणजे प्रॉक्सी बसवला कशाला? इथे अनबाउंडच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. मोबाइल आणि स्क्विड एकाच कॅशमधून उत्तर घेतात, आणि हे इशारे बरेच कमी होतात.

त्यासाठी डीएचसीपीतून (मोबाइलना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणारी सोय) सगळ्यांना डीएनएस म्हणून याच मशीनचा पत्ता द्या. अनबाउंड मुळात फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देतो, तेव्हा त्याला लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, ऐकायला लावा आणि अॅक्सेस कंट्रोलमध्ये तुमच्या आयपी पत्त्यांची रेंज उघडा. काही मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू असतं, मग ते तुमच्या अनबाउंडला न विचारता परस्पर बाहेर विचारतात. ते बंद करायला मुलांना सांगावंच लागेल.