सात महिने आणि एक कुऱ्हाड: 'ओल्ड स्कूल रूनस्केप' वापरून झाल्यावर

सात महिन्यांपूर्वी भाच्यानं माझ्या फोनवर हा गेम टाकून दिला. "मावशी, ट्रेनमध्ये उभं राहून एका हातानं खेळता येतो," म्हणाला. बोरिवली ते चर्चगेट, जाऊन-येऊन रोजचे दोन तास; मला तेवढं कारण पुरलं. मी सगळं फुकटच्या आवृत्तीत खेळले, मेंबरशिप घेतली नाही. तेव्हा हा अनुभव तेवढ्यापुरता समजा.

गेम जुना आहे, ऑनलाइन, अनेकांनी एकत्र खेळायचा. २००७ मधलं मूळ रूनस्केप जसं होतं तसं २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि २०१८ मध्ये ते फोनवर आलं. चित्रं ओबडधोबड, पण साध्या फोनवरही अडकत नाही. मध्येच रेंज गेली की मात्र आपण बाहेर फेकले जातो, आणि लोकलमध्ये रेंज जातेच.

पहिले दोन महिने मी या गेमच्या प्रेमात होते. सुरुवातीलाच गेममधल्या लंब्रिज गावच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाच्या केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवं असतं. त्या पिठासाठी मी शेतातून गहू काढला, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ओतला आणि खाली येऊन मडक्यात पीठ भरून घेतलं. ही पहिलीच कामगिरी! पुढे ड्रॅगनची क्वेस्ट, म्हणजे गोष्टीसारखी मोठी कामगिरी, आली. नकाशाचे तीन तुकडे तीन ठिकाणांहून गोळा करायचे, पोर्ट सारिमला दोन हजार नाणी मोजून एक भोक पडलेलं जहाज विकत घ्यायचं, फळ्या आणि खिळे मारून ते दुरुस्त करायचं, ड्रेनॉरच्या म्हाताऱ्या नेडला कप्तान म्हणून राजी करायचं, आणि ड्यूककडून आगीपासून वाचवणारी ढाल मागून घ्यायची. हे सगळं जमवायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. एल्वार्ग, म्हणजे ती ड्रॅगन, पडली तेव्हा गाडी दादरला होती. त्याआधी एकदा हरलेही होते, त्यामुळे हात थरथरत होते. असा आनंद मला फोनवरच्या दुसऱ्या कुठल्याही गेमनं दिलेला नाही.

मग फुकटच्या क्वेस्ट संपत आल्या आणि उरलं ते एकेका कौशल्याची लेव्हल वाढवणं.

मी लाकूडतोड निवडली, कारण गर्दीत तीच जमते. झाडावर बोट ठेवायचं, ओंडके जमू द्यायचे, अठ्ठावीस झाले की बॅग भरते, बँकेत टाकायचे, परत यायचं. दुसऱ्या लेव्हलला ८३ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, म्हणजे साध्या झाडाचे चार ओंडके. पंधराव्या लेव्हलला ओकचं झाड तोडता येतं, तिसाला विलो, पंचेचाळिसाला मेपल, साठाला यू. एकेचाळिसाला रून कुऱ्हाड हातात येते. इथपर्यंत प्रत्येक टप्प्याला काहीतरी नवं आहे, नवी जागाही आहे. ड्रेनॉरला पाण्याकाठच्या विलोंपाशी तर कोणी ना कोणी बोलायला असायचंच.

खरी अडचण साठानंतर कळते. फुकटच्या आवृत्तीत यूनंतर नवं झाड नाही. साठाव्या लेव्हलला २,७३,७४२ एक्सपी लागतात आणि नव्याण्णवाव्याला, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला, १,३०,३४,४३१. म्हणजे बघण्यासारखं सगळं वाटेच्या पहिल्या दोन टक्क्यांतच बघून होतं. ब्याण्णवाला पोचलात तरी निम्माच पल्ला झालेला असतो. यूच्या एका ओंडक्याचे १७५ एक्सपी. शेवटची एकच लेव्हल, ९८ वरून ९९, म्हणजे सात हजारांवर ओंडके, अडीचशे बॅगा. मी सत्तरला पोचले तेव्हा एका रविवारी कागद घेऊन बसले. माझ्या वेगानं तासाला शंभरेक ओंडके होतात. उरले होते सत्तर हजार, म्हणजे सातशे तास. रोज दीड तास धरला तर सव्वा वर्षाहून जास्त लोकल प्रवास, आणि तोही व्हॅरॉकच्या राजवाड्यामागच्या त्याच त्या यूच्या झाडांसमोर. लेव्हल वाढल्यावर ओंडके जरा लवकर पडतील, पण माझं बोट तेच करणार.

काही जणांना यातच शांती मिळते. भाच्याचं तसं आहे, आणि मला ते पटतं. विणकाम करणाऱ्या बायकाही तेच टाके घालत असतात. पण विणल्यावर स्वेटर होतो. इथे माझ्या बँकेत ओंडक्यांची संख्या वाढत होती आणि तिचा मला काही उपयोग नव्हता.

मे महिन्यात आमच्या डब्यातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला. वांद्र्याला ती मैत्रीण पेढ्यांचा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, आणि मी मान वर न करता "एक मिनिट हं" म्हणाले, कारण पुढच्या लेव्हलला बारा ओंडके कमी होते. ते बारा ओंडके झाले तेव्हा ती पुढच्या सीटवर गेली होती. त्या दिवसापासून ट्रेनमध्ये कुऱ्हाड बंद.

याआधी मी दुसरा एक गेम खेळत होते. त्यात हेच कंटाळवाणं काम आपोआप होण्यासाठी पैसे मागायचे. आधी काम मुद्दाम लांबवायचं आणि मग सुटका विकायची, याचा मला फार राग आला होता. त्या मानानं इथे चाललेलं सरळ वाटलं. पण मोठी संख्या म्हणजे मोठा गेम असंही नाही. २००५ च्या गिल्ड वॉर्समध्ये लेव्हल विसालाच थांबते. पुढे कुठली कौशल्यं सोबत घ्यायची हाच खेळ. मला तसं हवं आहे.

नव्यानं सुरू करत असाल तर क्वेस्टच्या मागे जा. क्वेस्टसाठी जेवढी लेव्हल लागते तेवढीच वाढवा आणि नव्याण्णवचा आकडा डोक्यातून काढून टाका. ड्रॅगनच्या आधी जास्तीचं खाणं सोबत ठेवा, मी हरले ते मासे संपल्यामुळे. गेम मी काढून टाकलेला नाही. दोन क्वेस्ट शिल्लक आहेत, त्या शनिवारी घरी, वायफायवर करते. भाचा सध्या शहाऐंशीला आहे. त्याचं नव्याण्णव होईल त्या दिवशी गेममध्ये उडणारी आतषबाजी बघायला राजवाड्यामागे ये, असं त्यानं सांगून ठेवलंय, आणि मी जाणार आहे.