१३बी रोटरी, इंजेक्शन कंट्रोलर आणि ती उचकी: ९ महिने उडवल्यावर

आधी सेटअप सांगतो. इंजिन माझदाचं १३बी, दोन रोटर, टर्बो नाही, पुढे २.८५ चा गिअरबॉक्स, म्हणजे इंजिन ६००० वर असताना प्रॉपेलर २१०० च्या आसपास फिरतो. विमान दोन सीटचं, स्वतः बांधलेलं. इंजिनात किती पेट्रोल फवारायचं ते ठरवणारा इंजेक्शन कंट्रोलर ड्युअल आहे, ए आणि बी असे दोन वेगळे बॉक्स, मधे एक स्विच आणि पॅनलवर मिक्श्चरची एक नॉब. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अर्ध्याहून जास्त घोळ माझेच होते आणि उरलेल्यांवर कंपनीशी अजून ईमेल चालू आहेत.

पहिल्या महिन्यात मला वाटलं की झालं काम. शेपटी बांधली, चाकांना ठोकळे लावले आणि आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत कंट्रोलरच्या टेबलमधला (कुठल्या प्रेशरला किती पेट्रोल) एकेक रकाना पकडून वाइडबँडकडे (एक्झॉस्टमधून मिक्श्चर मोजणारा सेन्सर) बघत आकडे भरले, मिक्श्चर साडेबारा-तेराच्या (एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा) आसपास ठेवलं, इंजिन एकदम लोण्यासारखं. मग वर गेलो, क्रूझला आलो, नॉब फिरवून मिक्श्चर पातळ (म्हणजे पेट्रोल कमी) करायला घेतलं आणि उचकी. एक झटका, मग ठीक, मग परत झटका. थ्रॉटल जरा पुढे केला तरी होतं, जरा मागे घेतला की गायब. मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेला मित्र म्हणाला, "अरे विसाला लागलं की होतंय बघ." वीस म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) २० इंच. आणि २० ला काय होतं? सेकंडरी, म्हणजे पेट्रोल फवारणारे जास्तीचे इंजेक्टर चालू होतात!

इथे थोडं थांबतो, कारण माझे तीन महिने यातच गेले. रोटरीत प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेरीला एकदा हवा ओढतो, चार स्ट्रोकच्या पिस्टनला तेवढ्यासाठी दोन फेऱ्या मिळतात. ६००० ला एक फेरी म्हणजे १० मिलिसेकंद, इंजेक्टरला जे काय करायचं ते तेवढ्यात करायचं. म्हणून प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर, कमी पॉवरला एकच चालतो आणि वर गेलं की दोघं, आणि दोघं आले की कंट्रोलर पल्स (इंजेक्टरला करंट द्यायचा वेळ) अर्धी करतो. ८ मिलिसेकंद एकाला होती ती आता ४ आणि ४. कागदावर बरोबर. पण इंजेक्टरला करंट मिळाल्यावर उघडायलाच साधारण १ मिलिसेकंद जातो, ज्याला डेड टाइम म्हणतात. म्हणजे एकटा असताना ८ मधले ७ कामाचे, दोघं आले की ३ आणि ३, एकूण ६. त्या क्षणी पेट्रोल १४ टक्क्यांनी कमी! डेड टाइमचा रकाना सेटिंगमध्ये आहे, मी तो शून्यच सोडला होता, वाटलं नंतर बघू.

मग जमिनीवर का नाही कळलं? कारण तिथे साडेबारा होतं, १४ टक्के पातळ झालं तरी साडेचौदा, रोटरीला त्याचं काही वाटतच नाही. वर मी साडेपंधरावर आणलं होतं, तिथून एकदम अठरा, मग मिसफायर होणारच. आणि वर कडी म्हणजे टेबलचा एक रकाना १९ ते २१ चा, स्टेजिंग (दुसरा इंजेक्टर सुरू होण्याची जागा) बरोब्बर त्याच्या मधोमध, तर तिथे कुठलाही आकडा टाका, अर्ध्या रकान्याला चुकीचाच.

डेड टाइम अंदाजाने न टाकता मोजायचं ठरवलं. इंजेक्टर काढून उघड्यावर मोजपात्रात सोडला (ठिणगीपासून लांब, बाजूला अग्निशामक ठेवून), नेहमीच्या प्रेशरला १००० पल्स ४ मिलिसेकंदच्या दिल्या, २३ मिली आलं. मग १००० पल्स ८ च्या. दुप्पट म्हणजे ४६ यायला हवं ना, आलं ५४. म्हणजे जास्तीच्या ४ मिलिसेकंदांत ३१ मिली, तर २३ मिलीला लागले ३ च्या आसपास, उरलेला १ वाया. तो आकडा भरला, स्टेजिंग २० वरून १७ ला आणलं म्हणजे क्रूझच्या वाटेतच येत नाही, आणि मग सगळं टेबल पहिल्यापासून परत, कारण जुन्या प्रत्येक आकड्यात ती चूक मुरलेली होती. आता स्टेजिंग कानाला कळत नाही, नीट लक्ष दिलं तर इजीटीची (एक्झॉस्टच्या तापमानाची) सुई किंचित हलते एवढंच.

व्होल्टेजचं पण याच्यातच आलं. अल्टरनेटर बंद करून बॅटरीवर उडून बघितलं तर व्होल्टेज पडतं तसा डेड टाइम वाढतो आणि मिक्श्चर पातळ होतं, त्याचं वेगळं टेबल आहे, ते पण भरा. अल्टरनेटर गेलेला असताना हा शोध लागायला नको.

आता लाजेची गोष्ट. पाचव्या महिन्यात, धावपट्टीच्या डोक्यावर भरपूर उंचीवर, सहज म्हणून स्विच बी वर टाकला. इंजिन असं घुसमटलं की हात स्विचवरून निघायच्या आत परत ए वर. बी मध्ये अजून फॅक्टरीचं टेबल होतं! मी इतके दिवस फक्त ए लाच घासत बसलो होतो आणि बॅकअप आहे म्हणून निवांत होतो. कंपनीवर राग एवढाच की ए चं टेबल बी मध्ये कॉपी करायची सोयच नाही, वहीत उतरवून एकेक आकडा हाताने भरावा लागला, एक संध्याकाळ गेली. आता दर उड्डाणाआधी रनअपला (जमिनीवर इंजिन चढवून तपासताना) दोन्ही बॉक्स तपासतो.

गरम इंजिनाचा एक छळ होता. उतरून वीस मिनिटं थांबून परत निघालो की टेकऑफला दम नाही. लॉग बघितला तर बाहेर ३० डिग्री आणि हवेचा सेन्सर सांगतोय ६२, कारण तो धातूच्या मॅनिफोल्डमध्ये बसवला होता आणि तिथेच भाजून निघत होता. कंट्रोलर समजतो हवा विरळ आहे, पेट्रोल १० टक्के कापतो, तेही नेमकं टेकऑफला. सेन्सर फिल्टरजवळच्या प्लास्टिक नळीत हलवला, मिटलं.

वाइडबँड सेन्सरबद्दल: १०० एलएल (विमानाचं पेट्रोल) मध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं, ते त्याला खातं. माझा तिसरा चालू आहे. ट्यूनिंगचे तास शक्यतो बिनशिशाच्या पेट्रोलवर करा, पण मग वेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) सांभाळा, पंप टाकीजवळ खाली आणि रिटर्न लाइन हवीच. रोटरच्या सीलसाठी टू-स्ट्रोक ऑईल मी टाकीतच मिसळतो, त्याने इंजेक्टरला अजून तरी काही झालं नाही.

सध्या क्रूझला ५२०० वर तासाला ३३ लिटर जायचे ते नॉबने २९ वर येतात. व्हॉल्व्हच नाहीत त्यामुळे जळायची भीती नाही, तरी पातळ मिक्श्चर फक्त कमी पॉवरला, फुल थ्रॉटलला नॉब सरळ रिच. डेटोनेशन (मिक्श्चर जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखं पेटणं) झालं की रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील जातात आणि मग इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

परत घेईन का? हो, बहुतेक हाच कंट्रोलर, कारण आता याच्या खोड्या पाठ झाल्यात. एक राहिलंय, उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे घेतला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि खाली उभी असलेली माणसं मान वर करून बघतात. खालचे १० ते १२ इंचाचे रकाने ५ टक्के वाढवून ठेवलेत, दोन्ही बॉक्समध्ये, रविवारी बघतो.