साताऱ्यातला रविवारचा जुन्या पिक्चरचा शो, मामांना घेऊन दोनदा जाऊन आलो

गेले दोन रविवार इथं एका हॉलमध्ये जुने युद्धपट लावतायत. तिकीट 80 रुपये, खुर्च्या प्लॅस्टिकच्या पण पडदा मोठा आणि प्रिंट एकदम स्वच्छ, मध्यंतरात भजी गरम मिळतात. सोबत मामा होते, अपशिंगे मिलिटरी या गावचे, तोफखान्यातनं रिटायर. त्यांच्या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांचा स्मृतिस्तंभ आहे, घरटी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळं असला पिक्चर आमच्याकडं नुसता टाइमपास म्हणून बघत नाहीत.

पहिल्या रविवारी 1964 चा 'हकीकत' होता. 62 ला आपण चीनकडून हरून दोनच वर्षं झालेली आणि तरी थंडीत गारठलेली, वेढ्यात सापडलेली, मागं हटणारी आपली पोरं पडद्यावर दाखवली, याचं मला फार अप्रूप वाटलं. हरलेली लढाई पण आपलीच असते हे त्यात दिसतं.

दुसऱ्या रविवारी 1997 चा 'बॉर्डर', हॉल फुल्ल. पत्रांच्या गाण्याला मामांनी रुमाल काढला. पण लढाई सुरू झाली आणि आवाज इतका की खुर्ची हादरत होती, मामांनी कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि उरलेला पिक्चर तसाच बघितला. तोफांनीच कान गेलेत त्यांचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "रात्रीच्या वेळी मोर्चावर एवढं ओरडतंय का कोण? आवाज केला की ठिकाण कळतं." चालवणाऱ्या पोरांना सांगितलंय, आवाज कमी करा, म्हातारी माणसं येतात.

खरी मजा शो संपल्यावर असते, लाइट लावून अर्धा तास गप्पा होतात. तिथं विषय निघाला की 'बॉर्डर'मधली लढाई जिथं खरी झाली त्या राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर 4 डिसेंबर 1971 च्या रात्री साधारण 120 जवान होते आणि त्यातले दोघं शहीद झाले, सकाळी जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि पाकिस्तानी रणगाड्यांची वाट लावली. पिक्चरमध्ये मात्र एकामागून एक पडतात. त्या लढाईत लढलेले भैरोंसिंग राठोड पिक्चरमध्ये शहीद होतात, खरे राठोड 2022 पर्यंत होते! हे ऐकून मला लय वाईट वाटलं, रात्रभर खिंड लढवून माणूस जिवंत घरी आला तर तो पडद्याला पुरत नाही का, देशासाठी मेलेलाच पायजे का? शेजारची बाई म्हणाली मरण दाखवल्याशिवाय लोकांना त्याग कळत नाही. मला नाही पटलं. मामा बसलेत की समोर, कान गेलेले, जिवंत.

ते सगळं चालू असताना त्यांनी मशीन परत कानात घातलं आणि पोरांना विचारलं, पुढच्या रविवारी कुठला लावताय. येणार आहेत, फक्त मागच्या रांगेत खुर्ची पायजे त्यांना.