मायग्रेशनच्या बिलात कॉपी-पेस्ट: सर्व्हर बदलताना अशी होते फसवणूक

पंचवीस-तीस कॉम्प्युटरचं ऑफिस. सर्व्हर विंडोज २०१२ आर२ चा, ज्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. रेडमधली (अनेक डिस्क जोडून केलेल्या संचातली) एक डिस्क गेली, दुसरी कुरकुरायला लागली. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘सर्व सेटिंग्जसह सर्व्हर मायग्रेशन’. शनिवार-रविवारात काम उरकलं आणि जुनं मशीन डिस्कसकट बायबॅकमध्ये गेलं.

सोमवारी सगळ्यांचे डेस्कटॉप कोरे निघाले. ‘नव्या सर्व्हरवर असं होतंच,’ असं उत्तर मिळालं. साफ खोटं. योग्य पद्धत अशी: नवा सर्व्हर जुन्याच डोमेनमध्ये (ऑफिसचे सगळे युजर आणि कॉम्प्युटर एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) घ्यायचा, त्याला जादा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर करायचं, पाचही एफएसएमओ रोल (डोमेनच्या मुख्य जबाबदाऱ्या) त्याच्याकडे हलवायचे आणि मग जुन्याला डिमोट करायचं, म्हणजे त्या कामातून मोकळं करायचं. हे नीट झालं तर युजरला फारसं काही जाणवतही नाही. इथे जुन्याच नावाचं नवं डोमेन बनवलं होतं. नाव सारखं असलं तरी एसआयडी (विंडोज ज्याने युजर ओळखतो तो अंतर्गत क्रमांक) बदलतो, त्यामुळे विंडोजच्या लेखी प्रत्येक युजर नवखा आणि त्याचं प्रोफाइलही नवं.

हा आडमार्ग बरेचदा अडल्यामुळे घेतला जातो. विंडोज सर्व्हर २००३ च्या काळात बनलेली डोमेन पुढे अपग्रेड झाली तरी त्यांचं सिसव्हॉल (डोमेनच्या धोरणांचं सामायिक फोल्डर) एफआरएस या जुन्या प्रत-जुळवणी पद्धतीवरच राहिलेलं असू शकतं, आणि विंडोज सर्व्हर २०१९ किंवा २०२२ अशा डोमेनमध्ये डोमेन कंट्रोलर व्हायला नकार देतो. जुन्या सर्व्हरवर ‘डीएफएसआरमिग’ या कमांडने प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड हे तीन टप्पे पूर्ण केले की अडथळा जातो. त्याआधी सिस्टीम स्टेट (सर्व्हरच्या मूळ सेटिंग्ज आणि डोमेनचा) बॅकअप हवाच. माहीत नसेल तर तसं सांगावं. नवं डोमेन बनवून मायग्रेशनचं बिल लावणं ही लबाडीच.

फाइल्स एक्सप्लोररमधून ओढून टाकल्या होत्या. अशाने एनटीएफएस परवानग्या (कोणती फाइल कोणी उघडायची याच्या नोंदी) सोबत येत नाहीत. काम रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडने ‘कॉपीऑल’ लावून करायचं, आणि मरणाऱ्या डिस्कवर रिट्राय १, वेट १ ठेवायचा. मूळ सेटिंग दहा लाख प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नामागे ३० सेकंदांचं आहे. एका खराब फाइलवर जवळपास वर्ष जाईल. शेअरच्या परवानग्या आणखी वेगळ्या, त्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लॅनमनसर्व्हरच्या ‘शेअर्स’ कीमधून एक्सपोर्ट कराव्या लागतात. डीएचसीपीची रिझर्व्हेशन (ठरावीक मशीनसाठी राखलेले आयपी पत्ते) आणि प्रिंटरही एक्सपोर्ट करूनच आणायचे. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. ‘फोल्डर उघडत नाही’ अशा तक्रारी येताच व्हेंडरने ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल देऊन टाकला. तक्रारी थांबल्या, आणि पगाराची शीट ऑफिसभर खुली झाली.

खरा दणका सहा महिन्यांनी बसला. सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडू लागला. बिलात लायसन्स लावलेला विंडोज प्रत्यक्षात १८० दिवसांची इव्हॅल्युएशन, म्हणजे चाचणीपुरती, आवृत्ती होती. काही व्हेंडर रिमोटवरून ‘रीआर्म’ कमांडने मुदत वाढवत राहतात आणि त्याला एएमसी (वार्षिक देखभाल करार) म्हणतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी व्हेंडरला समोर बसवून तपासा. लायसन्सची माहिती दाखवणाऱ्या ‘एसएलएमजीआर’ कमांडला ‘डीएलव्ही’ जोडून चालवा. ‘टाइमबेस्ड इव्हॅल’ दिसलं तर पैसे रोखा. लायसन्सची कागदपत्रं ऑफिसच्या नावावर हवीत, आणि कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या युजर किंवा मशीनची लायसन्स) वेगळी घ्यावी लागतात. जुनं मशीन चालू असतानाच ‘नेटडॉम क्वेरी एफएसएमओ’ ही कमांड चालवा. पाचही ओळींत नव्या सर्व्हरचं नाव यायला हवं. मग एखाद्या महत्त्वाच्या फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडा: नुसता एव्हरीवन, किंवा नावांऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसले तर कामात घोळ आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर जुन्या मशीनवरून त्याचं लायसन्स सरेंडर केल्याशिवाय ते मशीन बंद करू देऊ नका.

नव्या डिस्कही तपासा. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं युरोपात उघड झालं. स्मार्टमधले (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीतले) वापराचे तास शून्यावर आणलेले होते, पण डिस्कच्या फार्म लॉग या सीगेटच्या वेगळ्या नोंदीत खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत तो लॉग वाचता येतो.

जे आधीच इव्हॅल्युएशन आवृत्तीत अडकलेत त्यांचं फक्त लायसन्स-की विकत घेऊन भागणार नाही. इव्हॅल्युएशनवर चालणारा डोमेन कंट्रोलर जागच्या जागी पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही. अस्सल लायसन्सचा दुसरा सर्व्हर जोडून, रोल त्यावर हलवून पहिला डिमोट करावा लागतो. जुन्या परवानग्यांची खरी नोंद मात्र जुन्या डिस्कवरच असते. म्हणून बायबॅकमध्ये द्यायची ती कॅबिनेट. डिस्क काढून, त्यावर स्लॉट नंबर लिहून, ऑफिसच्या कपाटात ठेवायच्या.